कोकण कडेला कसं गेलं? सीमांत प्रदेशांचा भूगोल आणि आपला किनारा

सडेकर (धागाकर्ता)

मंडळी, धागा थोडा अभ्यासाचा, माझ्या पीएचडीचा आहे. पण मला हवी असलेली माहिती ग्रंथालयापेक्षा इथल्या लोकांकडे जास्त आहे, म्हणून इथेच काढतोय.

भूगोलात 'सीमांत प्रदेश' हा रीतसर अभ्यासाचा विषय आहे. आंतरराष्ट्रीय भूगोल संघाचा एक आयोगच १९९०च्या दशकापासून त्यावर काम करतो. जागतिकीकरणात कुठले प्रदेश, कुठले समाज कडेला पडतात, का पडतात आणि ते स्वतः त्यावर काय करतात, हे तो बघतो. या मंडळींतले स्वित्झर्लंडचे वॉल्टर लाइमग्रुबर यांचा एक मुद्दा मला पटतो. सीमांतपणा हा जागेला जन्मजात चिकटलेला नसतो. कुठून बघता, केवढ्या तुकड्याकडे बघता यावर तो ठरतो, आणि काळाबरोबर हलतो.

आता हे आपल्याकडे लावून बघा. 'कोकण मागास, कारण डोंगर, खाड्या, पाऊस आणि रस्ते नाहीत' हे आपण शाळेपासून ऐकतो. पण डोंगर आणि खाड्या बहमनी काळातही होत्याच की! तेव्हा दाभोळ हे पश्चिम किनाऱ्यावरचं नावाजलेलं बंदर होतं, अरबस्तान-इराणशी थेट व्यवहार होता, हजची जहाजं तिथून सुटत. राजापुरात इंग्रजांची वखार होती, १६६१ साली शिवाजी महाराजांनी लुटली ती. खाड्या हेच तेव्हाचे रस्ते होते आणि देशावरचा माल कुंभार्ली, अणस्कुऱ्याच्या घाटातून बैलांच्या पाठीवर खाली उतरत होता.

मग खाड्या गाळाने भरल्या, मोठी जहाजं मुंबईलाच लागायला लागली आणि १८६३ साली रेल्वे भोर घाट चढली. देशावरचा माल सरळ मुंबईला जायला लागला. चिपळूण-राजापूरचा व्यापार हळूहळू आटला. म्हणजे दाभोळ जागचं हललं नाही, केंद्र हललं. त्यानंतर कोकणातून जायला उरली ती माणसंच: गिरणीत, पलटणीत, बोटीवर. आणि परत यायच्या त्या मनिऑर्डरी.

२६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण खुली झाली, रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर. आता कोकण जोडलं गेलं म्हणून पेढे वाटले. त्यानंतरची जनगणना बघा. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. सिंधुदुर्गची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. त्या दशकात राज्यात मुंबई शहर सोडलं तर घटलेले जिल्हे हे दोनच. रेल्वेमुळे घटली असं मी म्हणत नाही. पण 'जोडणी झाली की प्रदेश सुधारतो' हे गणित इथे तरी सुटत नाही.

दुसरं उदाहरण दाभोळ खाडीच्या तोंडाशी, अंजनवेलला: एन्रॉनचा वीज प्रकल्प. उदारीकरणानंतर देशात आलेली तेव्हाची सगळ्यात मोठी परकीय गुंतवणूक मुंबई-पुण्यात नाही आली, गुहागर तालुक्यात आली. २००१ मध्ये वीजनिर्मिती बंद पडली आणि त्याच वर्षी ती अमेरिकन कंपनी तिकडे दिवाळ्यात गेली. जगाशी इतकी थेट जोडणी दुसऱ्या कुठल्या तालुक्याच्या वाट्याला आली असेल? गुहागर पुढे किती गेलं ते गुहागरकरांनीच सांगावं.

माझं म्हणणं थोडक्यात असं की कोकण तुटलेलं राहिलं म्हणून मागे नाही. ते वारंवार जोडलं गेलं, पण अटी दर वेळी दुसऱ्या कुणीतरी ठरवल्या. ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ डोरीन मॅसी याला सत्तेची भूमिती म्हणायच्या. जग जवळ येतं ते सगळ्यांसाठी सारखं येत नाही. काही जण हालचाल ठरवतात, काहींची फक्त हलवाहलव होते.

आता तुमच्याकडून हवंय ते हे. एक, अभ्यासाला घटक कुठला धरू: जिल्हा, तालुका, गाव की वाडी? दोन, तुमच्या भागात खरं कडेला कोण आहे? छापील उत्तर नको, नजरेसमोरचं सांगा.

---

लालबागचा_चाकरमानी

छान धागा. एक सांगू का, तुमचं अर्धं क्षेत्र कोकणात नाहीच. आमच्या वाडीचा अभ्यास करायचा तर तुम्हाला लालबागला आणि आता नालासोपारा, दिव्याला यावं लागेल. गावच्या नावाने मंडळाची खोली असायची, त्यात तीस-तीस माणसं पाळीपाळीने झोपत. गावातल्या देवळाची पत्र्याची शेड असो की शाळेची भिंत, निर्णय त्या खोलीत व्हायचे.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो कागदोपत्री कधी संपलाच नाही. वडील गावी परतले ते मनाने कधी परतलेच नाहीत. संपाचा इतिहास सगळा परळचा लिहिला गेलाय. मनिऑर्डर थांबल्यावर संगमेश्वर-लांज्याच्या वाड्यांत काय झालं, हे कुणी लिहिल्याचं मला माहीत नाही. ते लिहा.

---

कायपण_कायतरी

आधी मुंबई-गोवा महामार्ग पूर्ण करा म्हणावं, मग पीएचडी करा. सगळं पुढाऱ्यांमुळे आहे, त्यात भूगोल कुठे आला?

---

सडेकर

@कायपण_कायतरी, महामार्ग माझ्या हातात असता तर पीएचडी कशाला केली असती!
पण कुठला रस्ता किती वर्षं रखडू शकतो, कुठला रखडूच शकत नाही, हे ठरतं कसं? तो भूगोलच आहे.

@लालबागचा_चाकरमानी, दादा, हे फार मोलाचं. मुंबईतल्या मुलाखती आराखड्यात घेतो.

---

तलाठी_निवृत्त

नोकरीची बहुतेक वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात गेली, म्हणून लिहितो.

'कोकण' म्हणून एक माणूस उभा नाही. खोत (गावाचा सारा वसूल करणारा वतनदार) आणि कूळ (त्याची जमीन कसणारा) हे दोन वेगळे कोकण होते. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, प्रत्यक्षात खोती गेली ती १९४९च्या कायद्याने. मग कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. कागदावर कसणारा मालक झाला. पण भाताची खाचरं कुळाकडे आली आणि वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन), सडा (कातळाचं पठार), गवताची जमीन अनेक गावांत जुन्याच नावांवर किंवा सामाईकात राहिली. तेव्हा त्या कातळाला विचारतो कोण? नाचणी-वरी करायची, गुरं चारायची, गवत कापायचं. कुणाच्या मालकीचा आहे यावाचून कुणाचं अडत नव्हतं.

आज प्रकल्प येतो तो नेमका सड्यावर. मोबदल्याची यादी निघते ती सातबाऱ्यावरून. एकेका उताऱ्यावर वीस-पंचवीस नावं, निम्मी मुंबईत, काही वारलेली, वारस नोंद नाही. आणि तीन पिढ्या तिथे गुरं चारणाऱ्या गवळी-धनगराचं नाव कुठेच नाही. त्याचा कब्जा नोंदलेला नाही, म्हणजे कायद्याच्या लेखी तो तिथे नव्हताच.

तुम्ही घटक विचारलात. वाडी धरा. एका महसुली गावात दहा-बारा वाड्या, खालची बागायतदारांची, वरची धनगरवाडी. गावाची सरासरी काढलीत की धनगरवाडी पुसली गेली. दाखल्यावर गावाला रस्ता असतो, वाडीवरून आजाऱ्याला डोलीत घालून खाली आणतात.

---

नकाशावाली

तलाठीकाका, तुमचा सड्याचा मुद्दा मी दुसऱ्या टोकाकडून सांगते. मी उपग्रह-चित्रांवर काम करते.

जमीनवापराचा नकाशा करताना ढग नसलेलं चित्र लागतं. कोकणात जून ते सप्टेंबर ते जवळपास मिळतच नाही. म्हणून आपण नोव्हेंबर ते मे मधलं चित्र उचलतो. त्या काळात सडा तपकिरी, उघडा, कोरडा. संगणक त्याला 'खडकाळ पडीक' या रकान्यात टाकतो आणि तो देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात जाऊन बसतो. सडा जिवंत असतो ते नेमके चार महिने आमच्या डोळ्यांवर ढग असतात! पाऊस पडला की तिथे तळी भरतात, गवत येतं, सीतेची आसवं, गेंद फुलतात. दीपकाडीसारखी वनस्पती जगात फक्त या भागातल्या कातळांवरच उगवते. तेच पाणी मुरून खालच्या वाडीच्या विहिरीला झरा लागतो.

आता रडारवर चालणारे उपग्रह ढगातून बघतात, त्यांची चित्रं फुकट मिळतात. तरी सरकारी रकाने जुनेच आहेत. माडबनला ९,९०० मेगावॅटचा अणुप्रकल्प ठरला, बारसूला २०२३ मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणासाठी ड्रिलिंग झालं, दोन्ही ठिकाणी 'जमीन तर पडीकच आहे' हा युक्तिवाद ऐकलाय. त्याच बारसूची कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. कशेळी, देवीहसोळ, उक्षी, जांभरुण, कुडोपी हीही त्या यादीत. म्हणजे एकाच दगडाला एक खातं पडीक म्हणतं आणि दुसरं जागतिक वारसा.

प्रकल्प हवा की नको यावर इथे भांडण नको, प्लीज. मी फक्त एवढंच सांगतेय की 'ओसाड' हा निष्कर्ष चित्र कुठल्या महिन्यात काढलं त्यावर आलेला आहे.

---

बाबल्या_देवगड

सडेकरांनु, बरां काम काढलास. मालवणीत लिवलंय तर अर्ध्यांका कळाचा नाय, म्हणान शुद्धीत लिवतंय.

तुम्ही विचारलात कडेला कोण? रापणकार. रापण म्हणजे किनाऱ्यावरून टाकायचं लांबलचक जाळं, चाळीस-पन्नास माणसं दोन्ही बाजूंनी दोर ओढतात. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा. बांगडा आणि तारली किनाऱ्याजवळ आली तरच रापण लागते. आता पर्ससीनवाले बाहेरच अख्खा थवा गोल करून उचलतात. ५ फेब्रुवारी २०१६च्या आदेशाने राज्याच्या हद्दीत पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा राहिली, एलईडी लावून मासेमारी करायला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. रात्री देवगडच्या सड्यावर उभं राहून समुद्राकडे बघा, बंदी दिसते का ते सांगा. राज्याची हद्द बारा सागरी मैल, पुढे केंद्राची. बोटीला विचारलं तर ती नेहमी बाराच्या पलीकडेच असते!

जागतिकीकरण म्हणाल तर ते आमच्या जेटीवर रोज उतरतं. पूर्वी म्हाकूल (स्क्विड) कोण खात होतं? आता निर्यातीचा माल. वाकटी (आमचो बळो) चीनला जाते. राणी माशाचं काटा-कातडं काढून लगदा करतात, तो जपानला वगैरे जातो. तारली कुटून मासळीची भुकटी होते, ती कोळंबीच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात. त्यामुळे पूर्वी सोडून दिला जायचा तो बारका मासाही आता टनावारी उचलला जातो. मत्स्यव्यवसायाच्या आकड्यांत टन दिसतात. टन कोणाच्या जाळ्यातले ते दिसत नाही.

आणखी एक. आमच्या आया-बहिणी टोपली घेऊन लिलावाला बसतात. समोर बोली लावायला कंपनीचा माणूस. चांगला मासा ट्रकात जातो, हिच्या टोपलीत उरलेला. ह्यां कोण मोजता?

---

खाडीपलीकडे

अस्सलामु अलैकुम आणि नमस्कार. मी मूळ मंडणगड तालुक्यातला, सध्या कतारमध्ये.

आमच्याकडे मनिऑर्डर मुंबईहून नाही, बाहेरून यायची. आजोबांचे भाऊ केपटाऊनला गेले, तिथे आजही कोकणी मुसलमानांची वस्ती आहे, काही जण पूर्व आफ्रिकेला गेले. बोटीवरचे खलाशी तर होतेच. आखात नंतर आलं, सत्तरच्या दशकात तेलाचे भाव वाढल्यावर. खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, म्हसळा, या पट्ट्यात बंगले बघाल तर डोळे दिपतील. आत एक आजी आणि एक कामवाली.

कुणी विचारलं की तुम्ही सीमांत का, तर काय सांगू? पैशाने नाही. पण तापाचं साधं निदान करायला माणूस चिपळूण किंवा मुंबई गाठतो. घरात चार पासपोर्ट, तालुक्यात धड डॉक्टर नाही. याला तुमच्या भूगोलात काय म्हणतात ते म्हणा.

निसर्ग वादळात, ३ जून २०२०, आमच्या भागातल्या सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या. सुपारीचं झाड उत्पन्नाला यायला सहा-सात वर्षं जातात. पंचनाम्यात झाडाचं वय धरत नाहीत. लॉकडाऊनमुळे पोरं इकडे अडकलेली, पत्रे घालायला घरात पुरुष नाही. मी इथून व्हिडिओ कॉलवर छप्पर बघत होतो.

---

वेंगुर्ल्याचा_काजू

बाबल्याने माशाचं लिहिलं, मी काजूचं लिहितो.

१९९० पासून रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानावर फळबाग लागवड आली. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राची कलमं, वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७, डोंगरभर लागली. चांगली योजना होती, मी तिच्यावर टीका करणार नाही, आमचं घर तिच्यावर उभं राहिलं. पण काजू बी काढली की भाव कोण ठरवतो? मार्च ते मे आमचा हंगाम. त्याच सुमारास पश्चिम आफ्रिकेचा माल, आयव्हरी कोस्ट, बेनिन, घाना. कारखानदाराला वर्षभर यंत्र चालवायचं असतं, तो बाहेरची बी मागवणारच. कारखाने आमच्याकडचे, बी तिकडची, आणि आमच्या बीचा दर तिकडचं पीक कसं आलं त्यावर. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे म्हणे. मानांकनाची चिठ्ठी गराच्या पाकिटावर लागते. मी विकतो ती सालासकट बी, तीही दारात आलेल्या व्यापाऱ्याला.

कारखान्यात बी फोडायला सगळ्या बायका. सालातलं तेल बोटांना लागलं की कातडी सोलते. राख नाहीतर खोबरेल लावून बसतात. हातमोजे दिले तर वेग कमी होतो, आणि मजुरी किलोवर!

---

हापूस_नको_रायवळ

काजूवाले भाऊ, हापूसचंही तेच. २०१८ला मानांकन मिळालं, पाच जिल्ह्यांना मिळून. २००७ला अमेरिकेने दार उघडलं, तेव्हा माल विकिरणासाठी लासलगावला न्यावा लागे, कांद्याच्या गावात. २०१४ला युरोपने फळमाशीवरून बंदी घातली, पुढच्या वर्षी उठवली. ब्रसेल्समध्ये माशी सापडली की वाशीच्या बाजारात पेटीचा भाव पडतो. आपण परदेशात एक फळ पाठवत नाही तरी पट्टी (दलालाकडून येणारे विक्रीचे पैसे) कमी येते, कारण निर्यातीचा मालही त्याच बाजारात उतरतो. आणि दलालाची उचल घेतलेली असली की पट्टीवर बोलायची सोय नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. सडेकर, तुम्ही म्हणता कोकणातून माणसं जातात. बागांमध्ये कोण आहे ते पाहिलंत का? नेपाळी कुटुंबं. सगळे त्यांना सरसकट 'गुरखे' म्हणतात. फवारणी, राखण, काढणी, पेट्या भरणं सगळं तेच करतात. पर्ससीनच्या बोटींवरही नेपाळी खलाशी आहेत. समुद्र कधी न पाहिलेली डोंगरातली माणसं! सड्यावरच्या झोपडीत राहतात, पोरं बागेतच खेळतात. आमची पोरं मुंबईत डिलिव्हरी करतात आणि यांची आमच्या बागेत वाढतात. तुमच्या कडेच्या यादीत त्यांना घेणार की ते कोकणी नाहीत म्हणून सोडणार?

---

स्वाभिमानी_कोकणी

मला हा धागाच पटला नाही. सिंधुदुर्गाची साक्षरता २०११ला ८५ टक्क्यांच्या वर, राज्याच्या पुढे. आमच्याकडे शेतकरी आत्महत्या करत नाही. घरं स्वच्छ, पोरं शिकलेली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे अकराशेवर बायका. उगाच 'सीमांत, वंचित' म्हणून रडगाणं कशाला? हे बाहेरच्या विद्यापीठांचे शब्द आहेत.

---

सडेकर

@स्वाभिमानी_कोकणी, रडगाणं मलाही नको. पण तुम्ही दिलेला शेवटचा आकडा थोडा उलगडून बघू. जन्माला मुली जास्त येतात म्हणून ते गुणोत्तर तसं नाही. काम करायच्या वयाचे पुरुष मोजणीच्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यात होते म्हणून ते तसं आहे. तो आकडा अभिमानाचा मानायचा तर मग ओस पडलेल्या वाड्यांचाही अभिमान बाळगावा लागेल.

साक्षरतेचं तुमचं बरोबर आहे आणि ते महत्त्वाचं आहे. मागासपणाचे सरकारी निकष लावले की कोकण पास होतं. दांडेकर समितीने १९८४ला अनुशेष काढला तो राज्य सरासरीशी तुलना करून. पुढे १९९४ला वैधानिक विकास मंडळं आली, विदर्भ, मराठवाडा आणि तिसरं 'उर्वरित महाराष्ट्र'. दोडामार्ग आणि पुणे एकाच रकान्यात! त्या रकान्याच्या सरासरीत आपल्या धनगरवाड्या कुठे दिसणार? पाण्याचंही तसंच. तीन हजार मिलिमीटर पाऊस, शिवाय कोयनेचं वीज करून झालेलं ६७ टीएमसीच्या आसपास पाणी दर वर्षी वाशिष्ठीतून समुद्रात जातं, आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर. आकड्यात कोकण ओलं, वाडी कोरडी.

@हापूस_नको_रायवळ, घेणार. तुम्ही म्हणेपर्यंत ते माझ्या आराखड्यात नव्हते. कोकण ही काही जात नाही. इथे राबतो आणि इथल्या कागदावर नाही, तो या अभ्यासात आला पाहिजे.

---

अवनी_पेण

रायगडकडून लिहिते. तुम्ही अभ्यासाचा किनारा रत्नागिरी-सिंधुदुर्गपुरता ठेवलाय, पण जागतिकीकरण बघायचं तर आमच्याकडे या. १९८९ला न्हावा-शेवा बंदर आलं, मग सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र). २००८ला पेण भागातल्या बावीस गावांत त्यावर सार्वमत घेतलं गेलं. आमच्या खारेपाटातल्या शेतकऱ्याला लढायची जुनी सवय आहे, चरीचा संप १९३३ ते १९३९ चालला. त्यामुळे आगरी शेतकरी कडेला पडला तरी आवाज करतो, त्याची दखल घ्यावी लागते.

आवाज नाही तो कातकऱ्याचा. महाराष्ट्रात अतिअसुरक्षित आदिम जमाती तीन: कातकरी, कोलाम, माडिया गोंड. त्यातले कातकरी हे आपल्या किनाऱ्याचे. पाऊस संपला, भातकापणी झाली की कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर, नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जातात. मालकाकडून उचल आधीच घेतलेली, हिशेब मे महिन्यात, आणि त्यात बाकी निघते ती नेहमी कातकऱ्याकडेच. २०११च्या जनगणनेची मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारी. तेव्हा वाडी रिकामी! मास्तर मोजायला आले तर म्हातारी माणसं आणि कुत्री. भट्टीवर मोजले गेले असतील तर तिकडच्या खात्यात गेले, नसतील तर कुठेच नाहीत.

दळी जमिनीचं (जंगलातल्या उतारावर कसायची जमीन) वेगळंच. पिढ्यानपिढ्या कसतात, वन हक्क कायदा २००६ला आला, दाव्याला पुरावा मागतात. ज्याला वर्षातले सहा महिने गावाबाहेर राहावं लागतं त्याने पावत्या कुठे जपायच्या?

म्हणून माझी एक सूचना. नुसतं वाडी धरून पुरणार नाही, महिनाही धरा. कुठली वाडी कुठल्या महिन्यात किती भरलेली असते ते आधी लिहून काढा. तुमची लालबागची वाडी शिमग्याला आणि गणपतीत भरते, माझी आषाढात.

---

नकाशावाली

अवनीताई, काय सुरेख! सड्यालाही तेच लागू. सडेकर, चार ऋतूंचे चार नकाशे करा एकाच वाडीचे. माणसं, गुरं, पाणी, मासे, कोण कधी कुठे. रडार-चित्रांचं काम मी करून देते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

कायपण_कायतरी

वाचतोय. गंमत म्हणून आलो होतो. आमची आजी संगमेश्वरातल्या वरच्या वाडीची, आता तिथे तीन चुली पेटतात. त्या वाडीचं नाव घ्याल का अभ्यासात?

---

सडेकर

@कायपण_कायतरी, नक्की. व्यनित फक्त वाडी आणि गाव कळवा, घरच्यांची नावं अभ्यासात कुठेही येणार नाहीत.

एवढं वाचून आराखडा बदलतोय. जिल्हा हा घटक काढून टाकला. एक सड्यावरची धनगरवाडी, एक रापणकारांची वाडी, एक चाकरमान्यांची रिकामी वाडी आणि तिची मुंबईतली खोली. अवनीताई, तुम्ही सोबत असाल तर चौथी कातकरीवाडी, तिच्या वीटभट्टीसकट. बागांमधली नेपाळी कुटुंबं पहिल्या वाडीबरोबर येतील, कारण बागा त्याच सड्यावर आहेत. प्रत्येकीचे ऋतूवार नकाशे, आणि ते वाडीतल्या लोकांनीच जमिनीवर खडूने काढायचे, मी उतरवून घेणार. त्यांना जी वाट वाटते ती माझ्या नकाशात वाट.

तलाठीकाका, खोतीच्या काळातलं सड्याचं काही कागदपत्र मिळेल का? कोणाला चराईचा हक्क होता वगैरे?

---

तलाठी_निवृत्त

खोती गावांची बोटखतं असत, त्यात खोताचे आणि कुळांचे हक्क लिहिलेले. तहसीलच्या अभिलेख कक्षात विचारा, नाहीतर जिल्ह्याच्या. मोडी वाचणारा सोबत न्या. पहिल्या फेरीत 'नाही' म्हणतील, अर्ज देऊन पोच घ्या आणि परत जा. चराईचा हक्क लेखी सापडेलच असं नाही. गवताच्या बदल्यात काय दिलं जायचं, तूप की कोंबडी, तेवढी ओळ मिळाली तरी धनगर तिथे होता हे सिद्ध होतं.

---

बाबल्या_देवगड

आमच्याकडे येवचा तर जून-जुलैत या. १ जून ते ३१ जुलै बंदी असता, माणसां घराक असतत, जाळी विणत बसतत, बोलूक वेळ असता. ऑक्टोबरात इलास तर कोण उभो करूचो नाय. रापण बघूची असली तर मात्र तेव्हाच या, फाटे (पहाटे). आणि दोर ओढूचो लागतलो, नुसतो लिवक उभो रवलास तर वाटो गावाचो (मिळायचा) नाय.